आधी बाजार, मग बेत

महिन्याच्या एक तारखेला आमच्या घरी स्वयंपाकघराचे दहा हजार रुपये बाजूला निघतात. किराणा, भाजी, दूध, गॅस, दळण सगळं त्यातच. माणसं पाच: सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. ह्यांची अंबडच्या एमआयडीसीत नोकरी, मी घरी शिवणकाम करते. नाशिकसारख्या शहरात ही रक्कम फार नाही. तरी तेवढ्यात पाच जणांना पोटभर आणि अंगी लागेल असं जेवता येतं, हे मी अनुभवानं सांगते. हातात पैसा कमी असला की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांचं सांगणं एकच असतं, हे घेऊ नका, ते टाळा. मला वाटतं, ताटात काय कमी पडता कामा नये हे आधी ठरवावं. मग बाकीच्या जागा बाजारभावावर सोडाव्यात.

1. आठवडा बाजाराच्या दिवशी सुरू होतो

नाशिकला गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार भरतो. आजूबाजूच्या गावांतला माल तिथं उतरतो आणि दारावरच्या गाडीपेक्षा भाव कमी असतो. म्हणून आमचा आठवडा बुधवार ते मंगळवार. सोमवारी बसून सात दिवसांच्या भाज्यांची नावं लिहायची आणि मग ती शोधत फिरायचं, ही पद्धत मला कधीच परवडली नसती. यादीत गवार लिहिलेली असेल तर गवार महाग असली तरी हात तिकडेच जातो.

मी यादीत भाजीचं नाव लिहीत नाही, जागा लिहिते. दोन पालेभाज्या. दोन अशा, ज्या तीन दिवसांत संपवाव्या लागतात. दोन अशा, ज्या आठवडाभर टिकतात. कांदे, बटाटे, लिंबं, मिरच्या. आंबट एक काहीतरी. बाजारात पोचल्यावर आधी काही न घेता एक फेरी मारायची, भाव ऐकायचे आणि त्या दिवशी जे स्वस्त आणि ताजं असेल ते त्या जागेत बसवायचं. मेथी महाग असेल तर चाकवत, तोही नसेल तर माठ. जागा भरली की झालं.

'आंबट एक काहीतरी' मुद्दाम लिहिते. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला होता. पिंपळगाव बसवंतसारखी टोमॅटोची मोठी बाजारपेठ आमच्याच जिल्ह्यात, आणि आम्हीच टोमॅटोकडे नुसतं बघून पुढं जात होतो. दोनेक महिन्यांत तेच भाव इतके कोसळले की शेतकऱ्याला तोडणीचा खर्चही निघेना. त्या जुलैत आमच्या आमटीत चिंच होती, वरणात आमसूल होतं, कढी नेहमीपेक्षा जास्त वेळा झाली. जेवणात आंबटपणा हवा असतो, टोमॅटोच हवा असं नाही.

घरी आल्यावर भाज्या कुठल्या क्रमानं संपवायच्या हे त्याच संध्याकाळी ठरतं. बुधवारी-गुरुवारी पालेभाजी. शुक्रवार-शनिवारपर्यंत भेंडी, गवार, वांगी. रविवारी कोबी, दुधी, लाल भोपळा. सोमवार-मंगळवार कडधान्यांचे आणि पिठल्याचे. हा क्रम मोडला की पालेभाजी पिवळी पडते आणि पैसे कचऱ्यात जातात. कोथिंबिरीची मुळं कापून ती कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडा काढते. ओली ठेवली तर तिसऱ्या दिवशी काळी पडते.

बाजार उठायच्या वेळी गेलं की वाटे आणखी स्वस्त मिळतात, हे खरं आहे. पण तोवर पालेभाजी उन्हानं मलूल झालेली असते. वांगी, भोपळा, काकडी, बटाटे उशिरा घ्यावेत. पालेभाजी सकाळीच.

2. भाजीच्या आधी डाळ ठरवा

सगळ्यात जास्त मला याबद्दलच सांगायचं आहे. पैसे कमी पडले की घरात पहिल्यांदा काय कमी होतं? दिसायला भाजी कमी होते, पण खरी कमी होते ती डाळ. वरण पातळ होतं, उसळीत रस्सा वाढतो, वाटी भरलेली दिसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पोळ्या आणि भात तेवढाच राहतो, म्हणून पोट भरतं. पण वाढत्या मुलांच्या अंगाला लागायला काही उरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटाचं प्रमाण दिलं आहे, दोन हजार कॅलरींच्या हिशेबानं. त्यात धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून 85 ग्रॅम आहे. दूध-दही 300 मिलिलिटर आहे. पाच जणांना रोजचे 85 ग्रॅम धरले तर महिन्याला पावणेतेरा किलो होतात. हा आकडा प्रत्येक घराला गाठता येईल असं नाही, आमच्याकडेही दर महिन्याला जमत नाही. पण आपल्या घरात महिन्याला तीन किलो तूरडाळ येते आणि त्यातच सगळं भागतं, असं कुणी म्हणत असेल तर तिनं एकदा हा हिशेब मांडून बघावा. मी मांडला, तेव्हापासून वाण्याच्या यादीत डाळी-कडधान्यं सगळ्यात वर लिहिते. उरलेल्या पैशांत बाकीचं.

तूरडाळीवरच सगळं ठेवलं तर मात्र हे परवडत नाही. तूर वर्षातून एकदा येते, खरिपात पेरलेली डिसेंबर-जानेवारीत निघते. देशात पिकते ती पुरत नाही, म्हणून म्यानमार आणि आफ्रिकेतल्या मोझांबिकसारख्या देशांतून आणावी लागते. पाऊस हुकला की भाव चढतो. 2015 साली काही शहरांत ती किलोला दोनशेवर गेली होती. आमच्या वरणात म्हणून तीन डाळी असतात: तूर, मूग, मसूर. कमी-जास्त प्रमाण भावाप्रमाणे बदलतं. मसूर लवकर शिजते, त्यामुळे गॅसही वाचतो. गोडा मसाला आणि गूळ घातलेल्या आमटीत निम्मी मसूर असली तरी मुलांना कळत नाही. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना कळतं, पण त्यांना ती आवडते.

कडधान्यांचं वेळापत्रक आदल्या रात्री पाळावं लागतं, सकाळी सुचून उपयोग नाही. मटकी भिजवून मोड आणायला दीड दिवस जातो. रविवारी रात्री भिजवली तर मंगळवारी उसळ. मोड आले की ती दुपटीहून जास्त होते, म्हणजे थोडी मटकी घरभर पुरते. चवळी, मसूर यांना मोड आले नाहीत तरी चालतं, ती तेवढी सकाळी भिजवली तरी संध्याकाळी शिजतात. हुलगे थंडीत. वाटाणे मला स्वतःला फारसे आवडत नाहीत, पण मुलगा ते पोळीशिवाय नुसते खातो, म्हणून होतात.

आणि आमच्या आईंचं खान्देशचं देणं म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळून आणायचे, पिठातच थोडं मीठ. भाकरीतच उडीद असल्यामुळे त्या दिवशी नुसतं वांग्याचं भरीत, ठेचा आणि कांदा असला तरी जेवण पुरं होतं. तसेच फुणके. तूरडाळ भिजवून जाडसर वाटायची, कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर घालून मुटके वाफवायचे आणि कढीबरोबर कुस्करून खायचे. भाजी शून्य, तेल नावापुरतं. खान्देशच्या कोरड्या भागात, भाजी मिळत नसे तेव्हा बायकांनी रचलेला हा स्वयंपाक आहे आणि तो आजच्या आहारशास्त्रालाही पटेल असा आहे. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकातली उणीव दुसरं भरून काढतं.

आठवड्यात दोन दिवस अंडी असतात. खात असाल तर अंड्याची आमटी महिनाअखेरीला फार आधाराची.

3. ज्वारी स्वस्त, हे आता धरून चालू नका

आईंच्या लहानपणी गहू सणाला आणि ज्वारी-बाजरी रोजची. आज वाण्याकडे चांगली ज्वारी गव्हाहून महाग मिळते. पेरा कमी झाला, शहरात मागणी वाढली. म्हणून रोज भाकरी करून पैसे वाचतील असा हिशेब आता जुळत नाही. आम्ही थंडीत बाजरी आणि उन्हाळ्यात आठवड्यातून तीनदा ज्वारी ठेवतो, ती अंगाला बरी म्हणून. सुरगाणा-पेठकडची नागली मिळाली की थोडी पिठात मिसळते.

आमच्या गल्लीत बऱ्याच जणींकडे रेशनचं धान्य येतं. प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो, जानेवारी 2023 पासून फुकट. त्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि प्लॅस्टिकचा तांदूळ आला अशी आवई उठते. मग बायका ते दाणे निवडून टाकतात. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून केलेले दाणे आहेत, साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. निवडून टाकू नका, आणि तांदूळ फार वेळा चोळून धुऊ नका. भात म्हणून नको वाटला तर उडीदडाळ घालून आंबवा आणि इडली करा. चव चांगली येते.

4. तेल मोजून काढा

पोषण संस्थेच्या त्याच ताटात माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप आहे. पाच जणांचं महिन्याला चार किलोच्या आसपास, म्हणजे साडेचार लिटर धरा. एक लिटर तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरतं. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्या सारख्याच दिसतात आणि एकीत लिटरपेक्षा कमी माल असतो, म्हणून आकडा वाचूनच घ्यावी.

2022 च्या सुरुवातीला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल इथं नाशिकच्या दुकानात भडकलं. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे हे पुन्हा होणारच. तेव्हापासून एक तारखेला मी महिन्याचं तेल वेगळं काढून ठेवते आणि रोजची फोडणी चमच्यानं मोजून घालते, किटलीतून ओतत नाही. तळण महिन्यातून दोनदा. तळून उरलेलं तेल दोन दिवसांत फोडणीला संपवायचं, पुन्हा तळायला घ्यायचं नाही.

5. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेला दर

आता पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापलेला असतो. मोठ्या अक्षरातली सूट न बघता तो बघा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. सुट्टा माल चांगला ठेवणारा वाणी असेल तर मसाल्याचे पदार्थ, शेंगदाणे, पोहे सुट्टेच घ्यावेत. आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट बऱ्याच भाज्यांत पडतं, म्हणून शेंगदाणे आणून, भाजून कूट घरीच करायचं.

6. साठवण, आणि तिला लागणारे पैसे

नाशिकच्या माणसाला कांद्याबद्दल कुणी शिकवायला नको. मार्च-एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. लासलगावला उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते तेव्हा पंचवीस-तीस किलो घेऊन गॅलरीत हवेशीर पसरून ठेवला, आठवड्याला हात फिरवून सडका काढून टाकला, तर दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. जुना साठा संपतो आणि नवा पुरेसा येत नाही, तेव्हाच भाव चढतो. 2019 च्या डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला होता.

लाल मिरची फेब्रुवारी ते एप्रिल, गहू एप्रिल-मे, तूरडाळ नवी आल्यावर, चिंच उन्हाळ्यात. हे सगळं त्या त्या वेळी एकदम घ्यावं हे प्रत्येकीला ठाऊक असतं. अडचण ज्ञानाची नसते, रोख पैशांची असते. ज्याच्या हातात एकदम चार हजार असतात त्याला वर्षभराचा गहू स्वस्तात पडतो, आणि ज्याला दर आठवड्याला दोन किलोच घ्यावे लागतात त्याला तोच गहू महाग. गरिबानं जास्त मोजायचं, हा अन्याय मला फार खुपतो. आमच्या गल्लीत म्हणून आम्ही बायकांनी भिशी एप्रिलशी बांधली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्यांना साठवण करायची त्यांचा नंबर आधी, आणि दोघी-तिघींनी मिळून पोतं घेऊन वाटून घ्यायचं. पोत्याचा भाव मिळतो आणि एकटीवर बोजा येत नाही.

वाळवणंही याच हिशेबात आहेत. नागलीचे पापड, बिबड्या, सांडगे. पावसाळ्यात भाजी महागली किंवा बाजाराला जाणं झालं नाही, की सांडग्यांच्या रस्सा-भाजीवर एक जेवण निघतं. मे महिन्यात गच्चीवर चार दिवस ऊन खाऊन केलेलं काम जुलैत कामाला येतं.

7. बेत भिंतीवर लिहा

कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितातच, त्याच्या शेजारी रात्रीच्या जेवणाचं एक नाव लिहावं. 'मंगळ: मटकी' एवढंच. याचा पहिला फायदा वाटतो तो बचतीचा. खरा फायदा असा की 'आज काय करायचं' हा प्रश्न एकटीच्या डोक्यातून निघून भिंतीवर गेला. रविवारी रात्री मटकी भिजवायची आठवण आता मुलगी करते. मला शिवणाची घाई असली तर हे कुकर लावतात, कारण काय लावायचं ते लिहिलेलं असतं. घरातली माणसं मदत करत नाहीत असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा त्यांना काय करायचं ते ठाऊकच नसतं.

कुकर एकदाच लावायचा, हेही त्यात बसतं. एका डब्यात वरण, एकात भात, एकात दुसऱ्या दिवशीच्या पराठ्याचे बटाटे. कडधान्य भिजलेलं असलं की शिट्ट्या निम्म्यावर येतात.

8. उरलेल्याला आधीच नाव द्या

रात्रीच्या चार पोळ्या मी मुद्दाम जास्त करते, सकाळच्या फोडणीच्या पोळीसाठी. भात उरला तर तो लगेच गार करून फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीला. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र मुलांना देऊ नये, त्यानं पोट बिघडतं. आमटी उरली तर तिच्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळं. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ, दोडक्याच्या शिरा, दुधीची साल यांच्या भाज्या आणि चटण्या आपल्या आज्या करतच होत्या. त्या नव्यानं शिकायची गरज नाही, फक्त टाकायच्या आधी आठवायला हव्यात.

9. शनिवार मुलांचा

आठवड्यातलं एक जेवण मुलं ठरवतात. बहुतेक वेळा शेवभाजी निघते. तिला भाजी लागतच नाही, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि तिखट शेव. कधी पावभाजी. त्याचे पैसे आठवड्याच्या हिशेबात आधीच धरलेले असतात, त्यामुळे नाही म्हणायची वेळ येत नाही. ज्या घरात सतत 'परवडत नाही' ऐकू येतं त्या घरातली मुलं बाहेरच्या पाकिटांकडे जास्त ओढली जातात, असं मी आजूबाजूला पाहिलं आहे.

10. वाढणारीचं ताट

घरात डाळ पुरेशी आली, उसळ भरपूर झाली, तरी ती सगळ्यांच्या ताटात सारखी जाईल असं नाही. पुरुष आणि मुलं आधी जेवतात, बाई शेवटी बसते आणि पातेल्यात रस्साच उरलेला असतो. माझ्या आईला मी आयुष्यभर असं जेवताना पाहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. हा आकडा वाचला तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं डोळ्यांपुढे आलं. काटकसरीचा भार शेवटी कुणाच्या ताटावर पडतो, हे बेत आखतानाच विचारायला हवं.

आमच्याकडे आता रात्री पाचही ताटं एकदम वाढली जातात आणि उसळ वाटीनं मोजून पडते. आईंची आणि मुलीची वाटी आधी. मुलगी वयात आली आहे, तिला लोह सगळ्यांत जास्त लागतं. पालेभाजीवर आणि उसळीवर लिंबू पिळायचं, कारण आंबटाबरोबर लोह अंगाला जास्त लागतं. गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे शाळेच्या डब्यात रोज जातात. आणि जेवण झाल्या झाल्या चहा टाकायचा नाही, चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आईंना जेवणानंतर लगेच चहा लागायचा, त्यांनी तो आता तासाभरानं घ्यायला सुरुवात केली आहे.